बिबट्या गो

पोकेमॉन गो हा खेळ भारतात रीतसर आला डिसेंबर 2016 मध्ये, जिओचा हात धरून. शहरातली पोरं तर त्याआधीच, जुलैपासून, चोरवाटेने तो फोनात घालून रस्तोरस्ती फिरत होती. कॅमेऱ्यात रस्ता खरा, रस्त्यावर बसलेला प्राणी खोटा, तो पकडायचा. अंडं मिळालं तर उबवायला 2, 5 नाहीतर 10 किलोमीटर चालायचं. ही अंडी देवळात सापडतात म्हणून गुजरातेत एक गृहस्थ थेट उच्च न्यायालयात गेले. खेळाचा हेतू मात्र उदात्त होता म्हणे. माणसं घराबाहेर पडावीत, चालावीत, चौकात अनोळखी माणसांशी बोलावीत. समाज जोडायचा होता. त्यासाठी भारतात खेळाचे नवे थांबे, म्हणजे अंडी मिळण्याच्या जागा, कुठे आले? रिलायन्सच्या दुकानांत.

गावाकडे थांबे तुरळकच. त्याचं कारण सरळ आहे. नियान्टिक कंपनीच्या आधीच्या 'इन्ग्रेस' या खेळात खेळाडूंनी पुतळे, देवळं, बागा सुचवल्या होत्या, त्याच जागा पुढे या खेळात आल्या. जिथे खेळणारे, तिथे थांबे. प्रवासी नाहीत म्हणून एसटी नाही आणि एसटी नाही म्हणून प्रवासी नाहीत, असा हा हिशेब. फक्त अमेरिकेतून आलेला. नकाशा आणि जमीन यांचं न जमणं पुणे जिल्ह्यातल्या आंबेगावकरांना नवं नाही म्हणा. तालुक्याला नाव देणारं गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे आणि कारभार घोडेगावातून चालतो.

पण जुन्नर-आंबेगावात हा खेळ रुजला नाही, याचं दुःख करू नये. इथे त्याची गरजच नव्हती. पोकेमॉनमध्ये नकाशावर पाला हलला की समजायचं, जवळपास काहीतरी आहे. आपल्याकडे ऊस हलला की तेच समजतात. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसात बिबट्याने संसार थाटला. पिल्लं फडातच जन्मतात, फडातच वाढतात. जंगल त्यांनी पाहिलेलं नसतं. रात्रीची लाइट आली म्हणून मोटार चालू करायला बांधाने निघालेला शेतकरी रोज 10 किलोमीटरवालं अंडं घेऊनच चालत असतो. त्याच्या हातातल्या फोनचा उपयोग एकच, बॅटरी.

आता परिणामांचं बोलू. अंधार पडला की पारावर कुणी बसत नाही. मळ्यातल्या वस्तीवरून गावातल्या भजनाला एकट्याने कुणी येत नाही. पोरं क्लासला जातात ती कुणाच्या तरी गाडीवर, शिवार ओलांडून पायी नाही. संध्याकाळची चार टाळकी जमायची ती आता ग्रुपवर जमतात. तिथे मात्र खरा खेळ रंगतो.

या खेळाला कंपनी लागत नाही, नकाशा लागत नाही, ॲप डाउनलोड करावं लागत नाही. कुठल्या तरी तिसऱ्याच जिल्ह्यातला जुना व्हिडिओ घ्यायचा आणि वर लिहायचं, 'आत्ताच, आपल्या मळ्यात'. हा झाला जुना प्रकार. नव्या प्रकारात आपल्याच गल्लीचा फोटो एआयच्या हवाली करायचा आणि सांगायचं, बाबा रे, या फाटकापाशी एक बिबट्या बसव. तो बसवतो. शेपटीसकट. गल्ली खरी, फाटक खरं, बिबट्या खोटा. ज्याला कंपन्या ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात आणि कोट्यवधी डॉलर ओततात, ते आपला पुतण्या चहा होईपर्यंत करून दाखवतो.

फरक एवढाच की तिकडे खोट्या प्राण्यासाठी माणसं घराबाहेर पडली, इथे खोट्या प्राण्यामुळे कड्या लागतात. आणि जुन्नर वन विभागाची गाडी निघते. या विभागाकडे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर असे चार तालुके. वनरक्षक खोट्या फाटकापाशी बॅटरी मारत ठसे शोधत असतो, तेवढा वेळ तो खऱ्या गोठ्यापाशी नसतो. याहून वाईट पुढेच आहे. एखादी बाई खरोखर बिबट्या पाहून धापा टाकत येते, फोटो दाखवते, आणि ग्रुपवरचे शहाणे लिहितात, 'एआय आहे'. पुढे हसरा चेहरा.

हसण्याची जागा नाही ही. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड भागात बिबट्याच्या हल्ल्यात माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला. शेतात जाताना बायाबापड्यांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातले. कुत्र्याला बिबट्याने मानेत धरू नये म्हणून घालतात तसले. नेमक्या त्याच दिवसांत पुणे-नाशिकात बनावट बिबट्यांचं पीक आलं आणि वन विभागाला कारवाईचे इशारे द्यावे लागले. एका गावात माणसं गळ्यात खिळे घालून खुरपतायत आणि शेजारच्या तालुक्यात कुणीतरी बिबट्याला बाल्कनीत बसवून लाइक मोजतंय! त्याला पिंजरा लावावा असं माझं मत आहे. सावज म्हणून आत फुल चार्ज फोन ठेवावा, शेळी वाया घालवू नये.

ज्याला बिबट्यांची फारच हौस असेल त्याने लक्षात ठेवावं, जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, 2007 पासून वन विभागासोबत वाइल्डलाइफ एसओएस ते चालवते. तिथले बिबटे कुणी फॉरवर्ड केलेले नाहीत. फडातून, विहिरीतून, पिंजऱ्यातून आलेले आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर बिबट्या आला की पाठवणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: कुठे पाहिलास, किती वाजता पाहिलास. 'मलाही पुढून आलंय' असं उत्तर आलं तर तिथेच डिलीट करा. आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलात तर फोटो काढत बसू नका, ग्रुपवर तर टाकूच नका. आधी मागे सरका, शेजाऱ्यांना हाक मारा आणि वन विभागाच्या 1926 या नंबरला फोन करा. ग्रुपच्या ॲडमिनकडे पिंजरा नसतो.