नम्रकाका

"मी कोण? मी काहीच नाही," अशी नम्रकाकांची सुरुवात असते आणि आपण काहीच कसे नाही हे सांगायला त्यांना निदान अर्धा तास लागतो. मध्येच "खरंय तुमचं" असं म्हणू नये. पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका सॉफ्टवेअरवाल्याने ते म्हटलं. काका त्याच्याशी दोन दिवाळ्या बोलले नाहीत.

लीड्सच्या अलेक्झांड्रा रोडवरच्या हिंदू मंदिरात काका नेहमी सगळ्यात मागे, जोड्यांजवळ बसतात. तिथे आधीच कुणी बसलेलं दिसलं की मात्र कासावीस होतात. "तुम्ही पुढे व्हा, मान तुमचा." "छे हो, मी इथेच बरा." असं करत करत दोघंही मागे सरकतात आणि पार दाराशी जातात. आरतीच्या तबकाचंही तेच. आधी तुम्ही, नाही आधी तुम्ही, यात कापूर विझतो. भाड्याच्या हॉलमधल्या गणपतीत हे पथ्यावरच पडतं म्हणा, कारण तिथे डोक्यावर धुराचा अलार्म असतो.

"माझ्यासारख्या पामराने केलेली अल्पशी सेवा" या मथळ्याखाली व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचे फोटो येतात. एकूण एक फोटोत पामर मधोमध. काकूंना विचाराल तर म्हणतात, "घरी येताना ह्यांची नम्रता बसमध्येच राहते. चहात साखर कमी पडली की कळतं."

असे हे काका महिन्यातून एका रविवारी मुलांना नम्रता शिकवतात. इथली मुलं फार उर्मट, हे त्यांचं ठाम मत. मला ते पटत नाही. हीच मुलं बसमधून उतरताना ड्रायव्हरला न चुकता 'थँक यू' म्हणतात, तोही "टा, लव्ह" म्हणतो. काका मात्र त्याच बसमधून नम्रतेवर बोलत बोलत उतरतात, ड्रायव्हरकडे ढुंकूनही न बघता. पण मुलं प्रश्न विचारतात, ही काकांची खरी अडचण.

गाव क्रिकेटच्या हेडिंग्लेचं, म्हणून पहिला धडा तेंडुलकरचा. १८६३ साली स्थापन झालेला यॉर्कशर क्लब, एकेकाळी परगण्याबाहेर जन्मलेल्याला सहसा दारात उभं न करणारा. त्याने १९९२ साली पहिला परदेशी खेळाडू घेतला तो आपला एकोणीस वर्षांचा सचिन! "एवढा मान मिळाला, पण मान खालीच," असं म्हणून काकांनी स्वतःचीही खाली घातली.

"काका, त्या सीझनला चॅम्पियनशिपमध्ये त्याची सेंच्युरी एकच होती," एक मुलगा म्हणाला. "मग खालीच राहणार ना?"

काका पंढरपूरकडे वळले. संत नामदेवांनी देवाजवळची जागा मागितली नाही, महाद्वाराची पायरी मागितली. का? तर येणाऱ्याजाणाऱ्या भक्तांच्या पायांची धूळ अंगावर पडावी. आजही लोक त्या नामदेव पायरीला हात लावून नमस्कार करतात आणि पाय न ठेवता ओलांडून पुढे जातात. काकांचे डोळे भरून आले. इतक्यात पुढच्या रांगेतली एक चिमुरडी म्हणाली, "पण त्यांना पायच हवे होते ना? मग कुणी ठेवत का नाही?"

वर्गात शांतता. या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. नामदेवांनी धूळ मागितली आणि आपण त्यांना फुलं वाहून मोकळे झालो. काकांनी "मोठी झालीस की कळेल" हे सर्वमान्य उत्तर दिलं.

मग वारी. काका एकदा वारीत आळंदीहून चालले होते. पुण्यापर्यंतच, पण ते सांगायला लागले की पंढरपूर आलंच म्हणून समजा. "वारीत वय नाही, पैसा नाही, शिक्षण नाही. समोरचा माउली! म्हातारा वारकरी लहान पोराच्याही पाया पडतो. आणि लक्षात ठेवा, नमस्कारातून जो आधी उठतो त्याचा अहंकार अजून शिल्लक!"

"म्हणजे तुम्ही आमच्या पाया पडणार?" चिमुरडीने विचारलं आणि बूट काढून सज्ज उभी राहिली.

मागे पालक चहा घेत होते, ते थांबले. काकूंनी कप खाली ठेवला. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, उपरणं सावरलं आणि "माउली" म्हणत वाकले ते थेट साष्टांग. चिमुरडीही लगेच समोर आडवी झाली. मग सगळा वर्गच. हॉल झाडायला आलेला यॉर्कशरचा गृहस्थ झाडू हातात धरून दारातच उभा राहिला.

एकेक करून मुलं उठली. चिमुरडीही उठली. काका उठेनात.

"बघा," मुलगा भारावून म्हणाला, "काका सगळ्यात नम्र!"

"कसला नम्र," काकू म्हणाल्या, "पाठ धरलीय त्यांची."

दोघांनी खांदे धरले, झाडूवाल्याने पाय. तेवढ्यात खालून क्षीण आवाज आला, "थांबा, थांबा. आधी फोटो काढा. आणि चेहरा येऊ द्या."