बोलता येईल इतकेच पळावे

लांब पल्ल्याच्या पळण्याचा पहिला नियम ऐकला आणि हा व्यायाम पुणेकरांसाठीच काढला असणार, अशी माझी खात्री पटली. नियम असा : सरावातले बहुतेक पळणे पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच गतीने करायचे. वाक्य धापेत तुटले, तर तुम्ही फार जोरात आहात. गाणे म्हणता आले, तर फार सावकाश. याला ‘टॉक टेस्ट’ म्हणतात. बाकी कुठल्याही व्यायामात गप्पा मारणाऱ्याला प्रशिक्षक झापतो. इथे गप्प असलेल्याची विचारपूस होते.

रविवारी पहाटे आमचा गट विद्यापीठावरून पाषाणकडे निघतो, तो हा नियम काटेकोरपणे पाळत. गटात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. ते पहिल्या किलोमीटरला सोसायटीच्या पार्किंगचा विषय काढतात आणि बाराव्यापर्यंत तो सुटत नाही. इकडे शरीर मात्र मुकाट्याने कामाला लागलेले असते. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकते, म्हणून बसल्या जागी नाडी हळू चालू लागते. स्नायूंत नव्या केशवाहिन्या फुटतात, मायटोकाँड्रिया वाढतात, चरबी जाळायची सवय लागते. आणि हे सगळे केव्हा, तर आपण सोसायटीच्या चेअरमनना नावे ठेवत असताना!

‘गुडघे जातील हो!’ असे बाल्कनीत चहा पिता पिता बजावणारे प्रत्येक इमारतीत असतात. 2017 साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात हौशी धावपटूंपैकी 3.5 टक्क्यांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात आढळला, तर न पळणाऱ्यांत 10.2 टक्क्यांना. आकडे काकांनी लिफ्टशेजारी लावले. स्पर्धेत जिवाच्या आकांताने पळणाऱ्यांचा आकडा 13.3 होता, तो मात्र कागदात मावला नाही, असे ते म्हणाले.

पळून झाल्यावर जे हलके, तरंगते सुख लाभते, त्याचे श्रेय पूर्वी एंडॉर्फिनला देत. आता संशोधकांचे बोट एंडोकॅनाबिनॉइडकडे वळले आहे. म्हणजे भांगेतल्या द्रव्याचा, आपल्याच अंगात तयार होणारा चुलतभाऊ. सकाळी आठला, रस्त्याच्या मधोमध, पोलिसाच्या देखत मिळणारी ही चैन. वर लोक कौतुकही करतात.

पण खरा मानसिक लाभ समजायला साताऱ्याला जावे लागते. तिथल्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये 21 किलोमीटर पळायचे असतात आणि शहर सुटले की यवतेश्वरचा घाट सुरू होतो. त्या चढावर टॉक टेस्टमध्ये अख्खे पुणे नापास होते. काकांचे पार्किंग दुसऱ्या वळणाला संपले. मग शेजारून पळणारे एक सातारकर आजोबा बोलू लागले. त्यांचा श्वास शाबूत होता. ऊस, पाऊस, सुनेची नोकरी, आमच्या बुटांची किंमत, सगळे त्यांनी सविस्तर सांगितले. आम्हांला ‘पण’ म्हणायलासुद्धा हवा उरली नव्हती. दुसऱ्याचे म्हणणे मध्येच न तोडता शेवटपर्यंत ऐकण्याचा हा आमच्यापैकी अनेकांचा पहिलाच अनुभव. आणि आश्चर्य म्हणजे, आजोबांचे बरेचसे बरोबर होते.

मनःशांती मनःशांती म्हणतात ती हीच असावी. वाद घालायची इच्छा पायांतून गळून जाते आणि जग अचानक समजूतदार वाटू लागते.

आमच्या घरी हा शोध माझ्याआधी लागला होता. पडद्यांचा रंग, भाचीच्या लग्नातला आहेर, सासूबाईंचा मुक्काम असे सगळे विषय हल्ली रविवारी साडेनऊला, मी पोह्यांची बशी घेऊन जमिनीवर पसरलेला असताना निघतात आणि एकमताने मंजूर होतात.