स्पीकरची उंची तार: निवड, जोडणी आणि समर्थन

हे मार्गदर्शन सर्वांसाठी नाही. ज्यांचा ॲम्प्लिफायर बदलून झाला, स्पीकर बदलून झाले, त्यांची खरी किंमत घरी सांगूनही झाली, आणि तरीही रात्री अकरानंतर ज्यांना आवाजात काहीतरी कमी वाटते, अशा निवडक गृहस्थांसाठी आहे. आवाज बिघडण्याची कारणे खोलीतच असतात: उघडी फरशी, मोठी काचेची खिडकी, आणि कपाटाच्या कोपऱ्यात कोंबलेला डावा स्पीकर. पण या तिन्हींना हात लावायचा तर घरात ठराव मंजूर करून घ्यावा लागतो. तारेला ठराव लागत नाही. ती सोफ्यामागून जाते.

१९७० च्या दशकापर्यंत हा विषय जगात फारसा कोणाच्या डोक्यात नव्हता. स्पीकर घेतला की टेबललॅम्पला असते तसली दुपदरी वायर जोडून लोक गाणी ऐकत. मग अमेरिकेत नोएल ली या अभियंत्याने स्पीकरसाठी खास जाड तार विकायला काढली आणि १९७९ मध्ये ‘मॉन्स्टर केबल’ ही कंपनी उभी केली. तारेला पहिल्यांदाच नाव, खोका आणि नफा लाभला. पुढील सर्व पायऱ्या तेथून सुरू होतात.

पायरी १: धातू ठरवा

तांबे की चांदी, हा पहिला प्रश्न. चांदी तांब्यापेक्षा विजेची चांगली वाहक आहे, यात शंका नाही. किती चांगली? साधारण पाच-सहा टक्क्यांनी. म्हणजे तीन मीटर चांदीच्या तारेने जे साधते, ते तांब्याची तार १६ सेंटिमीटरने आखूड केली तरी साधते. त्यासाठी ॲम्प्लिफायर वीतभरही पुढे सरकवावा लागत नाही. हा उपाय फुकट असल्याने त्याची शिफारस करता येत नाही.

तांबे घ्यायचे ठरल्यास ‘ऑक्सिजन-मुक्त’ असे छापलेले घ्यावे. घरातल्या पंख्याला वीज नेणारे चांगल्या वायरीतले तांबेही ९९.९ टक्के शुद्ध असते. पण पंख्याने कधी त्याविषयी अभिप्राय दिलेला नाही.

एकच सावधगिरी मात्र खरोखर बाळगावी. स्वस्तात मिळणारी, बोटाएवढी जाड, चकचकीत तार पुष्कळदा ॲल्युमिनियमची असते आणि वरून तांब्याचा मुलामा असतो. एक धागा ब्लेडने खरवडून पाहावा. आत पांढरे दिसले, तर ती परत करावी.

पायरी २: जाडी ठरवा

ही पायरी अडचणीची आहे, कारण येथे गणित येते आणि गणिताला किमतीची पट्टी वाचता येत नाही.

तारेचा जाऊन-येऊन एकूण रोध स्पीकरच्या इम्पिडन्सच्या पाच टक्क्यांच्या आत असावा, असा हिशोब मॅकिन्टॉश या ऑडिओ कंपनीत ध्वनिसंशोधन केलेल्या रॉजर रसेल यांनी आपल्या तक्त्यांत धरला होता. आठ ओहमच्या स्पीकरला म्हणजे ०.४ ओहम. आता अडीच स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर घ्या. तीन मीटर लांब नेली तर जाऊन-येऊन सहा मीटर; रोध ०.०५ ओहमच्या आतच राहतो. आवाजातली घट डेसिबलच्या दहाव्या भागाइतकीही भरत नाही. याउलट दारावरच्या बेलची बारीक, अर्ध्या स्क्वेअर एमएमची वायर दहा मीटर नेली, तर रोध ०.४ ची मर्यादा सहज ओलांडतो. तेव्हा फरक पडतो आणि तो ऐकूही येऊ शकतो. चार ओहमच्या स्पीकरला मर्यादा निम्मी धरावी. विषय येथे संपतो, म्हणून माहितीपत्रके येथे सुरू होत नाहीत.

तरीही कोणाला याच पायरीवर थांबायचे असेल, तर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जावे. तेथील संभाषण सर्वसाधारणपणे असे होते:

“स्पीकरसाठी वायर पाहिजे.”

“दीडची देऊ का अडीचची?”

“दिशेचा बाण छापलेली आहे का?”

“बाण नाय. कंपनीचं नाव छापलेलंय. ते सरळ वाचता येईल अशी लावा.”

एवढे बोलून तो काउंटरच्या कडेला ठोकलेल्या पट्टीवर लाल सहा मीटर आणि काळी सहा मीटर मोजतो, पक्कडीने तोडतो, दोन्हींची वेटोळी करून रबरबँड लावतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारतो, “बोला.” सगळे तीन मिनिटांत आटोपते. एवढ्या घाईत घेतलेल्या वस्तूविषयी मित्रांना काय सांगणार? म्हणून पुढील पायऱ्या.

पायरी ३: दिशा आणि लांबी

उंची तारेवर बाण असतो. तो ॲम्प्लिफायरकडून स्पीकरकडे जाणारा ठेवावा. तारेतला प्रवाह मात्र एका दिशेने वाहत नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाने षड्ज लावला, की प्रवाह सेकंदाला सुमारे १३९ वेळा पुढे जाऊन मागे येतो. म्हणजे बाण कसाही लावला तरी निम्मा वेळ बरोबर असतो. या क्षेत्रात ही वाईट सरासरी नव्हे.

दोन्ही स्पीकरांच्या तारा समान लांबीच्या असाव्यात, असेही सांगतात. एक तार मीटरभर लांब झाली तर तिच्यातला संकेत सुमारे पाच अब्जांश सेकंद उशिरा पोहोचतो. तेवढ्या वेळात हवेतला ध्वनी मिलिमीटरचा पाचशेवा भागही चालत नाही. ऐकताना मान जराशी हलली तरी याच्या हजारो पट गोंधळ होतो. तेव्हा लाखाची तार घेतलेल्याने मान हलवू नये. सम आल्यावर हे कठीण जाते, सरावाने जमते.

पायरी ४: तार जमिनीवरून उचला

फरशीचा तारेवर वाईट परिणाम होतो, असे मानणाऱ्यांसाठी चिनी मातीचे आणि लाकडाचे छोटे ठोकळे विकत मिळतात. दर दोन फुटांवर एक ठेवून त्यावर तार पसरावी. दुसऱ्या दिवशी कामाला येणाऱ्या मावशी विचारतील, “दादा, ही वायर वर का ठेवलीय? करंट बसतो का?” नाही म्हणावे. मग त्या तारेखालून फडके फिरवतील आणि म्हणतील, “बरं केलंत, आता पुसायला सोपं.” ठोकळ्यांचा हा लाभ निर्विवाद आहे.

पायरी ५: जोडणी

या पायरीला पैसे लागत नाहीत, म्हणून ती घाईत उरकली जाते. वास्तविक येथे केलेली चूक कोणालाही ऐकू येते. तारेचे टोक सेंटिमीटरभर सोलावे, धागे अंगठा आणि तर्जनीत धरून एकाच दिशेने पीळ द्यावा, आणि एकही केस बाहेर राहिलेला नाही हे उजेडात पाहावे. बाहेर राहिलेला एखादा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकला की ॲम्प्लिफायर बंद पडून बसतो. नशीब वाईट असेल तर कायमचा.

लाल लालला, काळी काळीला. एका स्पीकरची उलट जोडली गेली तर एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. तबल्याच्या डग्ग्याचा दम जातो आणि मध्यभागी बसलेला गायक खोलीभर पांगतो. अशा वेळी तार सुलटी केल्यावर जी सुधारणा होते, ती या संपूर्ण मार्गदर्शनातली सर्वांत मोठी सुधारणा होय. तिचे श्रेय नव्या तारेला द्यावे.

पायरी ६: तार मुरू द्या

नव्या तारेतून शंभर-दोनशे तास संगीत वाहिल्याशिवाय तिचा गुण येत नाही, असे विक्रेते सांगतात. दोनशे तास म्हणजे अखंड आठ दिवस आणि वर आठ तास. या काळात तांब्यात काही घडत नाही, कानांत घडते. त्यांना सवय होते. माल परत करण्याची मुदतही साधारण याच सुमारास संपते.

पायरी ७: वर्णन

आता पाहुणे बोलवावेत. जुनी तार काढून नवी लावायला दहा मिनिटे घ्यावीत. आवाजाचे बारकावे कानात काही सेकंदांपलीकडे नीट टिकत नाहीत, त्यामुळे जुना आवाज कसा होता यावर वाद होत नाही. नवी तार लावल्यावर व्हॉल्यूम केसभर वाढवावा. किंचित मोठा आवाज मोठा वाटत नाही, चांगला वाटतो.

बोलताना मोजता येणारे शब्द टाळावेत. ‘मोठा’, ‘स्पष्ट’ असे म्हटले की कोणीतरी मीटर आणतो. ‘मोकळा’, ‘निवांत’, ‘आतून आल्यासारखा’ हे शब्द सुरक्षित. सर्वांत भरवशाचे वाक्य: “तंबोऱ्याची जवारी ऐका आता.” जवारी ऐकू येत नाही, असे मराठी घरात चारचौघांत कोणी कबूल करत नाही.

काय टाळावे

कोणती तार लागली आहे हे झाकून कोणालाही ऐकवू नये. अमेरिकेतल्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने १९८३ मध्ये असा आगाऊपणा केला. संगीत चालू असताना जाड नामांकित तार कोणती आणि सोळा गेजची साधी वायर कोणती, हे श्रोत्यांना खात्रीने सांगता आले नाही. २००७ मध्ये जादूगार जेम्स रँडी यांनी ७,२५० डॉलरच्या तारेची जोडी कमी किमतीच्या तारांपासून कानाने ओळखून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले. बोलणी झाली, फिसकटली, आणि चाचणी झालीच नाही. दहा लाख डॉलरपेक्षा श्रद्धा मोठी, हे यातून घ्यावे.

आणि स्पीकरची मागची बाजू कधीही उघडू नये. उंची तार टर्मिनलपाशी संपते. तेथून आत बहुधा साधीच वायर असते, पुढे क्रॉसओव्हरमधल्या तांब्याच्या गुंडाळ्या, आणि शेवटी पडद्यामागे बारीक तारेचे कित्येक मीटर वेटोळे. त्याचा रोध बाहेरच्या तारेच्या शंभर पटींहून अधिक असतो आणि त्यावर बाण नसतो. चुकून हे दिसलेच, तर ते वेटोळे चांदीचे करून मिळेल का, असे दुकानात विचारू नये. मिळेल.