पांढऱ्या गाडीतले गृहस्थ

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या चारोटी नाक्यावर काही हजार आदिवासी रस्त्यावर उतरले आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला तो एका पांढऱ्या मोटारीचा. काच अर्धी खाली, काचेतून बाहेर आलेलं कोपर, कोपरामागे वैतागलेला चेहरा. वर मथळा : ‘मोर्चामुळे महामार्गावर वाहतूक कोंडी, प्रवाशांचे हाल’. गाड्यांची रांग कुठून कुठवर गेली, किती वेळ हलली नाही, पोलिसांनी ती कशी सोडवली, हे सगळं तपशीलवार. आणि अगदी शेवटी, जागा उरली म्हणून की काय, एक वाक्य : ‘आंदोलकांनी विविध मागण्यांचे निवेदन सादर केले.’

हे गृहस्थ आपल्या चांगल्या ओळखीचे आहेत. तलासरीत मोर्चा असो, डहाणूत असो की थेट पालघरच्या कलेक्टर कचेरीवर असो, फोटोग्राफर पोचायच्या आधी हे आपली गाडी घेऊन हजर. त्यांना नेहमी सुरतेला पोचायचं असतं. सुरतेला नेहमी लग्न असतं. मागच्या सीटवर म्हातारी आई असते, तिच्या गोळ्यांची वेळ झालेली असते, आणि गाडीमागे न चुकता एक रुग्णवाहिका उभी असते. मोर्चेकरी रुग्णवाहिकेला वाट करून देतात. तो फोटो मात्र कुणाला मिळत नाही, बहुधा त्या क्षणी सगळे कॅमेरे कोपरावर रोखलेले असतात. गृहस्थांना मत विचारलं जातं. ‘यांचं काय असेल ते असेल, पण सामान्य माणसाला वेठीला का धरता?’ असं ते म्हणतात. ज्यांच्या आज्यापणज्यांनी खरोखरची वेठ केली, ते समोर डांबरावर बसलेले असतात. त्यांना मत विचारायचं राहून जातं. सामान्य माणूस कोण, हे गाडीच्या रंगावरून ठरलेलं असतं.

आता याच महामार्गावर मोर्चा नसलेल्या दिवशी काय चालतं, ते मनोर ते आच्छाड रोज जाणाऱ्याला विचारा. जुन्या रस्त्यावर काँक्रीटचा थर चढवायचं काम निघालं तेव्हा एक बाजू महिनोन्‌महिने बंद होती. कंटेनर आडवा झाला की सगळं ठप्प. दापचरीला ट्रकांची रांग. पावसाळ्यात खड्डा, खड्ड्यात पाणी, पाण्यात दुचाकी. तेव्हाही आपले गृहस्थ तिथेच असतात, तेवढेच तास, त्याच आईला घेऊन, त्याच लग्नाला निघालेले. पण तेव्हा त्यांचं कोपर कुणी छापत नाही. छापायचं तर खाली ‘कंत्राटदारामुळे प्रवाशांचे हाल’ असं लिहावं लागेल, आणि कंत्राटदाराच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात तर गेल्याच आठवड्यात येऊन गेलेली असते! चिखलात उभं राहून कोंडी सोसणं हा आपला नशिबाचा भाग. लाल झेंड्यापुढे उभं राहून सोसणं हा मात्र लोकशाहीवरचा घाला.

वारली आदिवासींवर पेपरचा राग आहे, असं कुणी समजू नये. उलट प्रेमच आहे. जिल्हा पुरवणीच्या माथ्यावर वारली चित्र असतं, दिवाळीच्या जाहिरातींच्या चौकटीला असतं, वर्धापनदिनाच्या केकवरही असतं. तारप्याभोवती गोल गोल नाचणारा वारली कितीही तास नाचो, संस्कृती असते. तोच वारली सरळ रेषेत चालायला लागला की वाहतूक कोंडी होते.

ही काही आजची गोष्ट नाही. 23 मे 1945 रोजी तलासरीजवळच्या झरीला वारल्यांची परिषद भरली आणि यापुढे वेठ करणार नाही, लग्नगडी म्हणून राबणार नाही, असं ठरलं. लग्नाला कर्ज काढलं म्हणून नवराबायकोने जन्मभर सावकाराकडे राबायचं, ही त्या काळची ‘सुरळीत’ व्यवस्था. पावसाळा सरल्यावर गवतकापणीचा संप झाला. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये द्या, एवढी मागणी. हे गवत जायचं मुंबईच्या तबेल्यांना. म्हणजे त्या वर्षी आपले गृहस्थ पांढऱ्या गाडीत नव्हते. तबेल्यात काळी म्हैस होऊन रिकाम्या गव्हाणीपुढे उभे होते. ‘संपामुळे म्हशींचे हाल’ हा मथळा कुणाला सुचला की नाही ठाऊक नाही. सुचला नसेल तर एक चांगली संधी हुकली.

पुढचं मात्र थट्टेचं नाही. 10 ऑक्टोबर 1945 च्या सुमारास, वारल्यांची संघटना बांधणाऱ्या गोदावरी परुळेकरांच्या जिवाला धोका आहे, हत्यारं घेऊन तलवाड्याला या, अशी आवई जमीनदारांच्या माणसांनी पाड्यापाड्यांत उठवली. हजारो लोक आपल्या बाईला वाचवायला धावत आले. इकडे आवई उठवली आणि तिकडे पोलिसांना कळवलं की आदिवासी हत्यारं घेऊन चालून येताहेत. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मेले. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे गोदावरीबाईंचं पुस्तक निघालं 1970 साली. म्हणजे पाच माणसं कशी मेली हे बाईंच्या पुस्तकात सविस्तर यायला पंचवीस वर्षं लागली. सशस्त्र जमाव चालून आला, ही बातमी जमीनदाराच्या ओसरीवरून सरकारी कचेरीपर्यंत एका रात्रीत पोचली होती. रस्ता मोकळा असला की बातमी अशी झपाट्याने जाते.

मालकांच्या बाजूने धावणारी बातमी कुठवर नेते, ते इटलीत दिसलं. फॅसिझम म्हटलं की आपल्याला गणवेश, संचलन आणि बाल्कनीतली भाषणं आठवतात. मुसोलिनी मुळात पेपरवाला होता, हे आठवत नाही. आधी समाजवादी पक्षाच्या पत्राचा संपादक, मग 1914 मध्ये स्वतःचं दैनिक, त्याला कारखानदारांचा पैसा. 1920–21 मध्ये पो नदीच्या खोऱ्यातल्या शेतमजुरांनी मजुरीसाठी संप केले, तेव्हा जमीनमालकांनी काळ्या शर्टवाल्यांच्या टोळ्यांना पैसे दिले, ट्रक दिले. टोळ्यांनी संघटनांच्या कचेऱ्या जाळल्या, माणसं झोडपली, मारली. स्वतःला उदारमतवादी म्हणवणाऱ्या कितीतरी पत्रांना त्या धुरात सुव्यवस्था परतताना दिसली. संप मिटला, पीक निघालं, प्रवाशांचे हाल थांबले! 1925 संपेस्तोवर त्यांतल्या बड्या बड्या पत्रांच्या संपादकांना घरी बसवण्यात आलं. मग परदेशी पाहुणे रोमला जाऊन येत आणि कौतुकाने सांगत, काही म्हणा, गाड्या वेळेवर धावतात. पाहुण्यांच्या एक्स्प्रेस बऱ्यापैकी वेळेवर असायच्या. फाट्यावरच्या गाड्या पूर्वीसारख्याच रखडायच्या. लोकल बाजूला टाकून एक्स्प्रेस पुढे काढायची ही युक्ती डहाणूच्या पासधारकाला इटलीहून शिकायला नको. आपल्याकडेही 1975 ते 1977 च्या आणीबाणीत गाड्या वेळेवर धावत असल्याचं पुष्कळांनी पुष्कळ समाधानाने लिहिलं. हुकूमशाही पेपरात पहिल्यांदा येते ती अशी, वाहतुकीच्या बातमीतून.

इटलीत निदान पेपरांना रोज पातळ कागदावर सूचना यायच्या : हे छापा, हे गाळा, हे आतल्या पानावर टाका. आपल्याकडे तोही खर्च वाचला आहे. तालुक्याच्या वार्ताहराला पगार नाही, जाहिरातीवर कमिशन आहे. कुणाचं काय छापायचं नाही हे त्याला सांगावं लागत नाही, त्याच्या घरचं रेशन सांगतं. त्याच्यावर राग नाही. राग आहे तो डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराच्या 76,200 कोटींचा आकडा ठळक अक्षरांत छापताना ज्यांना तो तालुका 1991 सालापासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला आहे हे एका ओळीत आठवत नाही, त्यांच्यावर. याच तालुक्यात नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडीच्या बाजूला जमीन हादरत राहिली, माणसं थंडीत घराबाहेर झोपली, भिंतींना भेगा गेल्या. त्या भेगा रस्त्यावर आल्या असत्या तर पहिलं पान मिळालं असतं. पाड्यावरच्या बाईला पाण्यासाठी उन्हाळाभर टेकडी उतरावी लागते, तिची कोंडी कुणाच्या वाहतुकीच्या आड येत नाही, म्हणून ती बातमी नाही. लाज वाटावी अशी ही गोष्ट आहे, आणि ती कुणाला वाटत नाही, ही त्याहून.

आंदोलकांना एक व्यवहारी सूचना. पुढच्या खेपेला पायी येऊ नका. प्रत्येकाने एकेक पांढरी मोटार भाड्याने आणा, काच अर्धी खाली करा, कोपर बाहेर काढा आणि नाक्यावर येऊन नुसते वैतागून बसा. ‘हजारो प्रवासी अडकले’ म्हणून सगळ्यांचे फोटो येतील, सगळ्यांना मत विचारलं जाईल. तेव्हा ते सांगून टाका.

मोटारी मिळेपर्यंत, त्या विविध मागण्यांपैकी सापडल्या तेवढ्या इथे देतो. जो गृहस्थ दर वेळी त्यांच्यामुळे अडकतो, त्याला त्या एकदा तरी वाचायला मिळाव्यात. वनहक्काचे दावे निकाली काढा आणि कसत्या जमिनीचा सातबारा कसणाऱ्याच्या नावावर करा. सूर्या धरणाचं पाणी आधी इथल्या शेतांना आणि पाड्यांना द्या, शहरांना मग. वाढवण बंदर रद्द करा. एकूण तीन वाक्यं झाली. गाड्यांच्या रांगेला याहून जास्त जागा दिली होती.