अण्णा, ते हिरवं तुमच्यावर का पडलं

ऑटावा,
नोव्हेंबरचा दुसरा आठवडा

ती. अण्णा आणि ती. सौ. आई यांस,


गेल्या रविवारच्या फोनपासून अण्णा रुसलेत असं आईकडनं कळलं. आईनं चष्मा कुठं ठेवलाय विचारलं, तुम्ही "मला काय माहीत" म्हणालात, आणि इकडं तुमचा नातू "पडलं! हिरवं पडलं!" असं ओरडत सोफ्यावर लोळायला लागला. बारकीनं तर स्क्रीनवर तुमच्या टकलावर हिरवा रुमाल धरला. "म्हाताऱ्या माणसाची थट्टा करायची, हेच शिकवालीस काय गं पोरांना तिकडं?" हा तुमचा प्रश्न आईनं जसाच्या तसा पोचवला. त्यापुढच्या दोन शिव्याही पोचल्या.

थट्टा होती हे खरं, पण तुमच्या एकट्याची नव्हती. या घरात सध्या जो कुणी "माहीत नाही" म्हणेल त्याच्यावर हिरवं पडतं. तुमचे जावई तर सकाळी उठल्यापासून हिरवेगार असतात. मोजा कुठाय, माहीत नाही. बिल भरलं काय, माहीत नाही. आज कचऱ्याचा दिवस काय, माहीत नाही. म्हणून म्हटलं, या हिरव्याचं मूळ एकदा सविस्तर लिहावं. फोनवर सांगायला गेले असते तर "किती वाजलं तिकडं?" यातच निम्मा वेळ गेला असता.

आमच्या शेजारच्या बाई जन्मानं इथल्याच. त्यांच्या लहानपणी ऑटावाच्या सीजेओएच या टीव्ही केंद्रावर पोरांचा एक कार्यक्रम लागायचा, 'यू कान्ट डू दॅट ऑन टेलिव्हिजन'. म्हणजे टीव्हीवर असलं काही करायचं नसतं रे बाबांनो, आणि नेमकं तेच करायचं. १९७९ च्या फेब्रुवारीत तो सुरू झाला, तेव्हा शनिवारी सकाळी फक्त गावापुरता. पुढं अमेरिकेतल्या निकेलोडियननं तो उचलला आणि १९९० पर्यंत चालला. रॉजर प्राइस नावाच्या इंग्रज माणसाची ही करणी. पोरं घ्यायची ती याच गावातली, शाळेत जाणारी, दात पुढं आलेली, केस न विंचरलेली. टीव्हीवरचं पोर म्हटलं की आपल्याकडं गालाला पावडर आणि तोंडात मध असतो, तसलं एकही नाही. बाईंनी जुने भाग जपून ठेवलेत. पावसाळी सुट्टीत त्यांनी ते आमच्या पोरांना दाखवले आणि घराची वाट लागली.

छोटे छोटे प्रवेश असतात आणि दर खेपेला तेच. कुणी "मला माहीत नाही" म्हटलं की वरनं हिरवा लगदा धबकन डोक्यावर. कुणी "पाणी" म्हटलं की बादलीभर पाणी. शाळेतली कपाटं उघडतात, त्यातनं एकेक डोकं बाहेर येऊन पाचकळ विनोद करतं, दार लावून घेतं. मग एक घाणेरडं हॉटेल. त्यातला बार्थ नावाचा आचारी इतका गलिच्छ की बघवत नाही. गिऱ्हाईक पोरं बर्गर खाता खाता एकमेकांना विचारतात, यात घातलंय तरी काय? उत्तर नुसतं सुचवलं की आतनं बार्थ ओरडतो, "ऐकलं मी!" हा प्रकार मला दोनदा बघून कंटाळा आला. जावयांना मात्र तोच सगळ्यात आवडतो. त्यांच्या ऑफिसातल्या कँटीनचा आचारी तसाच आहे म्हणे, फक्त त्याला ऐकू येत नाही.

माझा आवडता प्रवेश वेगळा. एक लष्करी अधिकारी पोराला खांबापाशी उभं करून गोळ्या घालायला निघालेला असतो. "रेडी, एम..." एवढं म्हणतो तोवर पोर म्हणतं, थांबा थांबा. मग गप्पा मारत मारत त्यालाच खांबापाशी आणतं आणि त्याच्याच तोंडून शेवटचा हुकूम वदवतं. गोळ्या त्यालाच लागतात, आणि पडता पडता तो पोराच्या लबाडीचं कौतुक करतो. कधी उलटे प्रवेशही असतात. त्यात पोरं आईबापांना दटावतात, इतका अभ्यास करू नकोस म्हणून मास्तर पोराच्या हातापाया पडतात. हे उलटं जग आमच्या घरात दाखवायला नको होतं, असं माझं मत आहे. ते कुणी विचारलं नाही.

आता गंमत बघा. तो आचारी, तो अधिकारी, वर्गातला मास्तर, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, तळघरातला कैदी सांभाळणारा, घरातला बाप, शिवाय दिग्दर्शक म्हणून मिरवणारा चिडका माणूस, सगळे एकच. लेस लाय त्याचं नाव. २००९ साली गेला. आणि आई, ग्रंथालयातली बाई, बहुतेक सगळ्या बायका म्हणजे अ‍ॅबी हॅगयार्ड. दोन मोठी माणसं आणि बाकी पोरंच पोरं. अण्णा, तुम्ही रात्र रात्र जागून बघितलेल्या कृष्णपारिजात या कानडी लोकनाट्याची मला हटकून आठवण झाली. गोकाककडच्या मंडळींचं पारिजात, कुलगोड तम्मण्णाचं. त्यातली दूती घडीत ही, घडीत ती, सूत्रधार भागवताशी वाद घालून त्याला पार नमवणारी. पोरांना झोप लागली तर दूती येताना उठव असं आज्जी बजावून ठेवायची, हे तुम्हीच सांगता. ती काय बोलणार हे आख्ख्या मैदानाला पाठ होतं. पाठ होतं म्हणूनच लोक जागे होते.

"तेच तेच काय बघतात गं पोरं?" असं आईनं विचारलं होतं. आई, तू विचारावंस? २०१४ ला 'चला हवा येऊ द्या' सुरू झाल्यापासून भाऊ कदम साडी नेसून आले की तू गॅस बंद करून बाहेर यायचीस. 'हास्यजत्रे'त ओंकार भोजने "अगं अगं आई" म्हणायच्या आधी तूच म्हणायचीस. गौरव मोरे फिल्टरपाड्याचा बच्चन म्हणून आले की तुला पुढचं पाठ असायचं. आणि त्याच्या कितीतरी आधी चिमणरावांनी घोळ घातला की दिलीप प्रभावळकरांच्या मागोमाग बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ दरडावत येणार, हे काय तुला माहीत नव्हतं? माहीत नव्हतं म्हणू नकोस. हिरवं पडेल.

मी पण आधी वैतागले होते. पोरगं "आय डोन्ट नो" म्हणणार, बादली पडणार, यात काय ते हसायचं? मग एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता पूर्ण भाग बघितला आणि लक्षात आलं, पोरं बादलीला हसतच नाहीत. तो शब्द या पोराच्या तोंडून कसा काढून घेतात, त्यावर सगळी नजर. एक मुलगी अगदी सावध, "सांगता येत नाही", "विचार करते", "तूच सांग" असं करत निसटते, समोरचा दुसरा विषय काढतो, तिसरा मधेच शाळेचं विचारतो, आणि ती बेसावध होऊन म्हणून जाते. तिचा चेहरा बघा त्या क्षणी. शब्द तोंडातनं गेलाय, बादली अजून पडायचीय, मधे जेमतेम श्वासभर वेळ. त्या श्वासासाठी आमची पोरं एकेक प्रवेश मागं नेऊन पुन्हा बघतात.

तो लगदा कसला, हे तुम्ही विचारणारच. पहिल्या वेळी म्हणे डोक्यावर ओतायला केंद्राच्या कँटीनमधलं उरलंसुरलं अन्न बादलीत भरून ठेवलं होतं. चित्रीकरण लांबलं, बादली तशीच राहिली, वर हिरवी बुरशी धरली. प्राइससाहेब म्हणाले, ओता तसंच. ओतलं. नंतर मात्र हिरव्या जेलीची पावडर, ओट्स आणि पाणी असं करायला लागले आणि केसातनं निघावं म्हणून त्यात लहान मुलांचा शाम्पू घालायचे. ज्याच्यावर पडेल त्याला त्या दिवशी वरकड पैसे मिळायचे. पुढं निकेलोडियननं हे हिरवं आपली खूणच करून टाकली, आजही त्यांच्या बक्षीस समारंभात मोठमोठ्या नटांच्या डोक्यावर ओततात. १९८६ साली या कार्यक्रमात इथलीच एक बारा वर्षांची मुलगी होती, अलानिस मॉरिसेट. तीच पुढं १९९५ च्या 'जॅगेड लिटल पिल' या अल्बमनं जगभर गाजली. तुमचा नातू हे अभ्यासाच्या वेळी पुरावा म्हणून काढतो. डोक्यावर लगदा घेतल्यानं कुणाचं वाटोळं होत नाही, असं त्याचं म्हणणं.

ते केंद्र मेरिव्हेल रोडवर होतं. आम्ही तिकडनंच किराण्याला जातो. २०१० च्या फेब्रुवारीत इमारतीला आग लागली, आता तिथं बघण्यासारखं काही नाही. पोरांनी तरी गाडी थांबवायला लावली आणि त्या जागेला नमस्कार केला. देवळापुढं थांबवली तर गाडीतनं उतरत नाहीत.

आता दिवाळीचं सांगते. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात पोरांनी याच धर्तीवर नाटुकलं बसवलं, आणि लगदा करायचं काम माझ्याकडं आलं. जेलीच्या पावडरीत हाडांचं जिलेटिन असतं म्हणून निम्म्या मंडळाची हरकत. मग ओट्स शिजवून गार केले, कॉर्नफ्लोअर लावलं, खायचा हिरवा रंग घातला. पहिला घाणा इतका घट्ट झाला की पातेलं उलटं धरलं तरी पडेना, वड्या पाडता आल्या असत्या. दुसऱ्यात पाणी वाढवलं, शाम्पू घातला, तेव्हा कुठं धार नीट लागली. मग हॉलचा प्रश्न निघाला. शाळेचा व्यायामाचा हॉल, लाकडी जमीन, थेंब सांडला तर अनामत जप्त. यावर मंडळाची बैठक झाली. ती महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादापेक्षा लवकर मिटली, एवढंच म्हणते. शेवटी हवा भरायचा, लहान मुलांनी डुंबायचा टब मधोमध ठेवला आणि ज्याच्यावर पडणार त्यानं त्यातच खुर्ची टाकून बसायचं ठरलं.

त्या खुर्चीवर तुमचा नातू, मंडळाचा खजिनदार बनून. खरे खजिनदार पहिल्या रांगेत, मांडीवर फराळाचं ताट. पोरी विचारतात, गेल्या वर्षीचा हिशोब कुठाय? हा म्हणतो, "शोधतोय." वर्गणी कुणाकुणाची राहिलीय? "बघून सांगतो." चिवड्याचे उरलेले पैसे कुठं गेले? सगळा हॉल श्वास रोखून बसलेला. आणि हा गडी, अस्सल संकेश्वरी, शांतपणे कानडीत म्हणतो, "गोत्तिल्ला."

पुण्या-मुंबईची मंडळी एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. हसलो फक्त आम्ही दोघं आणि पाहुणे म्हणून आलेलं धारवाडचं एक जोडपं. दोरी धरून बसलेली मुलगी विंगेतनं ओरडली, "हे चालतं काय?" ओतावं की ओतू नये तिला कळेना. हा टबात बसून मिश्या पिळतोय. तेवढ्यात आपली बारकी पुढं झाली आणि अगदी निरागस तोंड करून विचारलं, "दादा, गोत्तिल्ला म्हणजे काय रे?"

"म्हणजे माहीत ना..."

पडलं. कानात गेलं, शर्टात गेलं, थोडं खऱ्या खजिनदारांच्या चकलीवर उडालं. त्यांनी ती चकली खाल्ली, खिलाडूपणे म्हणा की लक्ष नव्हतं म्हणून म्हणा. जमीन वाचली, अनामत परत मिळाली. हिशोब अजून मिळाला नाही.

पण अण्णा, खरा हशा याला नव्हता. तो तुम्हाला मिळाला. मधल्या एका प्रवेशात बारकीनं काजळानं मिशी काढली, जावयांचं धोतर गुंडाळलं आणि फोन कानाला न लावता नाकासमोर धरून, म्हणजे समोरच्याला फक्त कपाळ दिसेल असा, म्हणाली, "किती वाजलं तिकडं?" एवढंच. लोक खुर्चीवरनं खाली पडायचे राहिले. नागपूरच्या काकू डोळे पुसत म्हणाल्या, हे आमचेच बाबा. नाशिकवाले म्हणाले, आमचे. पुढं दर प्रवेशाच्या शेवटी ती नुसती विंगेतनं डोकावायची, आणि हॉलच एका सुरात विचारायचा. आता किराण्याच्या दुकानात कुणी मराठी माणूस भेटला की आधी तेच. तुम्ही ऑटावात फार प्रसिद्ध झालाय. हे ऐकून रुसवा वाढला असेल तर तसं सांगा, पण या महिन्यापासून वेळेचा फरक साडेदहा तासांचा झालाय, साडेनऊचा नाही, हे मी परत सांगते. होय, घड्याळ सरकारच फिरवतं. नाही, त्यानं दिवस मोठा होत नाही. हा वाद गेल्या नोव्हेंबरात झालाय, मार्चात परत करू.

आता काम. पोरांना गणपतीसाठी नवीन नाटुकलं बसवायचंय आणि त्यात तुमचा खरा आवाज हवाय. तेव्हा शेजारच्या पोराला बोलावून फोनवर "किती वाजलं तिकडं?" तीन-चारदा रेकॉर्ड करून पाठवा. एकदा साधं, एकदा रागानं, एकदा झोपेत असल्यागत. पाठ करून म्हणू नका, मागचा पंखा बंद करू नका. आणि आईला मधे बोलू नको म्हणून दटावू नका. ती "जेवलीस काय?" म्हणून मधे घुसली नाही तर लोकांना तो आवाज नकली वाटेल.

येणाऱ्या माणसाबरोबर संकेश्वरी मिरची अर्धा किलो पाठवा. बेडगी नको, ती इथं मिळते.

तुमची,
थोरली लेक