ऑटोमॅटिक रिपेअर साहेबांस अनावृत पत्र

मा. ऑटोमॅटिक रिपेअर साहेब,
रिकव्हरी विभाग, विंडोज

स. न. वि. वि.

लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलावर बसणाऱ्याला आपलं दर्शन वरचेवर घडतं. विंडोज लागोपाठ दोनदा अडखळलं, की आपण न बोलावता हजर. ‘तपासणी चालू आहे’, मग ‘दुरुस्तीचा प्रयत्न चालू आहे’, सोबत गोल फिरणारे ठिपके आणि शेवटी निकाल : दुरुस्ती होऊ शकली नाही. का, ते विचारायचं नाही. खाली दोन बटणं, त्यातलं एक ‘शट डाउन’. लॅपटॉप चालू होत नाही म्हणून गिऱ्हाईक काकुळतीला आलंय, आणि आपण तो बंद करण्याची सोय आवर्जून ठेवलीत. आभारी आहे.

अहवाल मात्र आपण न चुकता लिहिता. तो कुठे ठेवलाय तेही पडद्यावर छापता : सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, लॉगफाइल्स, एसआरटी आणि त्यात एसआरटीट्रेल नावाची फाइल. म्हणजे जे विंडोज उघडत नाही म्हणून आपण आलात, त्याच्याच पोटात! आम्ही हट्टी माणसं, कमांड प्रॉम्प्टमधून आत शिरतो. तर आपल्या अमलात ड्राइव्हची अक्षरं बरेचदा बदललेली. सी म्हणून जिथे जावं तिथे भलतंच, आणि विंडोज डीमध्ये बसलेलं. अखेर नोटपॅडमध्ये (ते बिचारं तिथेही चालतं) अहवाल उघडतो. सिस्टिम डिस्कची चाचणी : यशस्वी, एरर कोड शून्य. बूट मॅनेजरची चाचणी : यशस्वी, शून्य. खाली खाली जात राहावं, यशस्वी आणि शून्य, यशस्वी आणि शून्य. सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि पेशंट दगावलेला! कधीमधी तळाशी एक कामाची ओळ सापडते : अमुक ड्रायव्हरची फाइल खराब आहे. साहेब, एवढी एक ओळ पडद्यावर दाखवली असती तर आपल्या पदाला काय कमीपणा येत होता?

कोणीतरी बायोसमध्ये शिरून स्टोरेजचं सेटिंग रेडवरून एएचसीआयवर नेतं. विंडोजला आपलीच डिस्क दिसेनाशी होते आणि पडद्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ झळकतं. सेटिंग जागेवर आणलं की काम झालं. आपण मात्र दरवेळी नव्याने ठिपके फिरवत बसता. किंवा बूटच्या फाइली ज्यात असतात ते छोटं ईएफआय पार्टिशन बिघडतं. बहुतेकदा १०० एमबीचं, अक्षर नसलेलं, म्हणून फाइल एक्सप्लोररमध्ये कधीच न दिसणारं. तिथे गिऱ्हाइकाच्या भाच्याने सुचवलेलं ‘बूटरेक फिक्सबूट’ चालवावं, तर आपलं उत्तर ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’. आपल्याच कचेरीत, आपल्याच हत्यारानं, आम्हालाच मज्जाव. मग डिस्कपार्टने त्या पार्टिशनला अक्षर द्यायचं, बीसीडीबूटने फाइली नव्याने लिहायच्या, की लॅपटॉप मुकाट्याने सुरू. तोवर भाचा ‘फॉरमॅट मारा, काका’ म्हणून मोकळा झालेला असतो.

१९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं आडवी झाली. भारतात काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. उपाय काय, तर सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवायची. ती उडवायला माणसं एकेका यंत्रापाशी गेली, आणि जिथे डिस्कला बिटलॉकरचं कुलूप होतं तिथे ४८ आकडी रिकव्हरी की शोधत बसली. ती की अनेकांनी जपून ठेवली होती ऑनलाइन खात्यात. खातं उघडायला दुसरं यंत्र हवं, आणि तेही आडवं.

तेव्हा मागणी एवढीच : एसआरटीट्रेलमधली शेवटची ओळ पडद्यावर, मोठ्या अक्षरांत. ‘कारण कळलं नाही’ असं असेल तर तेही छापा. आम्ही रागावणार नाही, निदान पुढची तपासणी लगेच सुरू करू.

आपला,
एक दुरुस्तीवाला

ता. क. : ‘रीसेट धिस पीसी’ हे बटण आपण ‘ट्रबलशूट’ उघडताच पहिलं ठेवलंय आणि त्यात ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ही आहे. त्यामुळे आमच्याकडे आलेला लॅपटॉप आधी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट होतो आणि गिऱ्हाइकाच्या लग्नाचे फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरतात. त्यानंतर आपण खुशाल ठिपके फिरवावेत.