पैसे भरलेत, पाऊस थांबवा!

ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२४ या अठरा महिन्यांत इंग्लंडमध्ये १,६९५.९ मिलिमीटर पाऊस झाला. १८३६ पासूनच्या नोंदींत एवढं ओलं दीड वर्ष दुसरं नाही. आकडा जाहीर झाला आणि गोल्फ कोर्स राखणाऱ्यांना हायसं वाटलं असणार. मैदान पाण्याखाली का, याचा निदान पुरावा तरी हातात आला.

मुंबईकर मात्र हसेल. सांताक्रूझला याहून जास्त पाऊस एका पावसाळ्यात पडतो.

मग साहेबाचं मैदान बुडालं कसं?

पाणी किती पडतं ते सोडा, जातं किती ते बघा. डिसेंबरात तिकडे दिवस जेमतेम आठ तासांचा. ऊन आलंच तर तिरपं, लाजतमुरडत. तापमान पाच-सहा अंशांखाली उतरलं की गवताची वाढ थांबते, ते पाणीही फारसं ओढत नाही. खाली चिकणमाती. कालचं पाणी मुरलेलं नसतं, तोवर आजचं हजर. २०२३-२४ च्या मोसमात तर बाबेत, कीरन, हेंक, ईशा अशी वादळांची रांगच लागली होती. वादळांना नावं ठेवण्याची तिकडे सरकारी पद्धत आहे.

उरलेली नावं ठेवायला मैदान राखणारा ग्रीनकीपर असतोच.

हा बिचारा भल्या पहाटे, अंधारात, गमबूट चढवून अठरा होलांची फेरी मारतो. बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, तळं. ग्रीनवर, म्हणजे होलाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पाऊल टाकलं की बुटाच्या कडेने पाणी वर येतं. तो परत येतो, पाटी लावतो: आज बंद. पाटी सरळ होते न होते तोच फोन वाजतो. ‘‘अहो, काल तर ऊन होतं!’’

होतं ना. तासभर होतं.

वर्गणी ही चीज मोठी अजब आहे. माणूस वर्षाची घसघशीत रक्कम एकदम भरतो आणि त्यात हवामानही आलं असं धरून चालतो.

पूर्ण बंद नको, म्हणून मग मधला मार्ग निघतो. खेळा, पण ट्रॉली नको, पिशवी खांद्यावर घ्या. झालं, जणू वडिलोपार्जित जमीन काढून घेतली! वास्तविक कारण साधं आहे. ओली चिकणमाती दाबली गेली की तिच्यातल्या हवेच्या जागा बुजतात, मुळं गुदमरतात आणि पुढचं पाणी तर मुरतच नाही. त्यातून बंकर आणि ग्रीन यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवरून सगळ्यांनाच जायचं असतं. म्हणून ग्रीनकीपर खुंट्या ठोकतो, दोरी बांधतो, काही दिवसांनी दोरी सरकवून दुसरी वाट देतो. मेंबर काय करतो? नव्या वाटेवर चिखल आहे म्हणून दोरी ओलांडून जुन्या वाटेच्या चिखलातून जातो.

बंदी पाळायची सवय या खेळाला मुळातच नाही. १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फवर बंदी घातली होती, लोक तिरंदाजीचा सराव सोडून चेंडू मारत बसतात म्हणून. संसदेचं ऐकलं नाही, तिथे पाटीचं काय घेऊन बसलात?

खरा ग्रीन वाचावा म्हणून फेअरवेचा, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या गवताच्या पट्ट्याचाच, एक तुकडा बारीक कापून, मध्ये भोक पाडून तात्पुरता ग्रीन करतात. त्यावर खेळणं म्हणजे अपमान. ‘‘हा काय गोल्फ झाला?’’ असं म्हणून मंडळी चिडतात, बारमध्ये जातात आणि तिथे चार तास बसतात. मैदानाच्या तब्येतीला याहून चांगलं काय?

आता गांडुळं. आपल्याकडे गांडूळखत पोत्याने विकत मिळतं. तिकडे गांडूळ फुकट काम करतं, तर तो गुन्हा! ओल्या, सौम्य हिवाळ्यात ते रोज रात्री मातीच्या बारीक गुंडाळ्या वर आणून टाकतं. त्यावरून कापणी यंत्र फिरलं की सगळा लेप. डार्विनने १८८१ मध्ये या प्राण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. एका एकरात वर्षाला दहा टनांवर माती गांडुळांच्या पोटातून जाते, असा त्याचा हिशेब. डार्विन गोल्फ क्लबाच्या कमिटीवर नव्हता, म्हणून त्याला गांडुळांचं कौतुक.

पूर्वी यावर औषध होतं. कार्बेंडॅझिम. आपला शेतकरी ज्याला बाविस्टिन म्हणून ओळखतो, तेच. खरं तर ते बुरशीनाशक, पण गांडुळांनाही आवरायचं. ब्रिटनने काही वर्षांपूर्वी ते मैदानांवरून हद्दपार केलं. आता उपाय एकच: माती सुकू द्यायची आणि झाडूने नाहीतर लांब लवचीक काठीने उडवायची.

हिवाळ्यात सुकू द्यायची! वा!

बुरशीचंही तेच. ओल आणि ऊब मिळाली की ग्रीनवर तपकिरी चकत्या उमटतात. २०२४ चा फेब्रुवारी इंग्लंड-वेल्समधला नोंदींतला सर्वांत उबदार फेब्रुवारी ठरला. बुरशीची दिवाळी! तिच्यावरचं इप्रोडिओन नावाचं हुकमी औषधही २०१८ मध्येच बंद झालेलं. पण मेंबरला चकती दिसते, कॅलेंडर दिसत नाही. आणि बुरशी निदान कमिटीला पत्रं तरी लिहीत नाही.

मुळात चिकणमातीवर मैदान केलं कुणी? १९८९ मध्ये गोल्फच्या वरिष्ठांनी म्हणजे आर अँड ए या संस्थेने हिशेब मांडला की सन २००० पर्यंत देशाला सुमारे ७०० नवे कोर्स लागतील. मग काय, शेतं विकली गेली, झेंडे रोवले गेले. त्यातली बरीच जमीन जड चिकणमातीची. जिथे शेतकऱ्याचा ट्रॅक्टर जानेवारीत घरी थांबायचा, तिथे आता जानेवारीत चौकडीचे स्वेटर हिंडणार होते.

उलट स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज बघा. समुद्रकाठची वाळू, पाणी पडलं की खाली. तरीही १८६४ मध्ये तिथे मैदान राखायला आलेला ओल्ड टॉम मॉरिस ग्रीनवर वाळूच टाकत राहिला. रविवारी खेळ बंद. तुम्हाला विश्रांती नको असेल, पण मैदानाला हवी, असं तो खेळाडूंना सुनवायचा म्हणतात. मोठ्या स्पर्धा सोडल्या तर तिथला ओल्ड कोर्स रविवारी आजही बंद असतो. आणि हिवाळ्यात तिथल्या फेअरवेवर चेंडू छोट्याशा चटईवर ठेवूनच मारावा लागतो. जगभरातून आलेले लोक ती चटई हौसेने बगलेत घेऊन हिंडतात, वर पैसे मोजतात.

तीच चटई स्वतःच्या गावातल्या क्लबाने पुढे केली की? राजीनाम्याची धमकी.

बरं, चिकणमातीलाही उपाय आहे. चर खणा, नळ टाका, वर खडी आणि वाळू भरा. खर्चिक आहे, पण चालतं. मात्र नळ जमिनीखाली जातात. दिसत नाहीत. त्यांची फीत कापता येत नाही. बारमधला गालिचा दिसतो. नालेसफाईपेक्षा कमानी आणि कारंजी पसंत करणाऱ्या आपल्या नगरसेवकांना साहेबाची ही कमिटी घरचीच वाटेल.

नळ नाहीत, निदान भोकं तरी. जाड सळ्यांचं यंत्र ग्रीनमध्ये खोलवर खुपसायचं, दाबलेली माती मोकळी करायची, भोकांत वाळू लोटायची. मुळांना हवा, पाण्याला वाट. चार दिवस ग्रीन चाळणीसारखा दिसतो, चेंडू टणटण उडतो, पुढचं वर्ष मात्र सुखाचं जातं. फक्त यंत्र चालवायला जमीन जरा घट्ट झालेली हवी.

ती होते एप्रिलच्या आसपास. ऊन पडतं, गवत हलतं, ग्रीनकीपर शेडमधून यंत्र बाहेर काढतो. तेवढ्यात सेक्रेटरीच्या टेबलावर चिठ्ठी येऊन पडते: हिवाळाभर खेळता आलं नाही. आता कुठे ग्रीन छान होताहेत, तर भोकं कसली पाडताय? शनिवारी स्पर्धा आहे.